पासवर्ड बदलला, फॉरमॅटही मारला, तरी अकाउंट पुन्हा गेलं

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट समजला की नाही ते तुम्हीच पाहा. घरी एकच कॉम्प्युटर. त्यावर तुमची शाळेची कामं, मिस्टरांच्या कृषी केंद्राची बिलं आणि नववीतल्या मुलाचे गेम. आधी मुलाचं इन्स्टाग्राम गेलं. चार दिवसांनी तुमच्या जीमेलवरून ओळखीच्या लोकांना पैसे मागणारे मेल गेले. तुम्ही त्याच कॉम्प्युटरवर बसून पासवर्ड बदलला, दोन दिवसांत पुन्हा तेच. मग तालुक्याला नेऊन फॉरमॅट मारला. आठवड्याने परत कोणीतरी आत, ओटीपी चालू असूनही. आणि आता विचारताय की कोणता अँटिव्हायरस घेऊ.

अँटिव्हायरसचं सांगतो, पण तुमची अडचण ती नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, १७ वर्षं झाली. अशी केस हल्ली महिन्याला एखादी तरी येते आणि जवळजवळ प्रत्येक जण तुमच्याच क्रमाने सगळं करून आलेला असतो: आधी पासवर्ड, मग फॉरमॅट, मग अँटिव्हायरस. तुम्ही केलं ते सगळं करायचंच होतं, फक्त क्रम उलटा झाला. ज्या मशीनवर चोरी झाली त्याच मशीनवर नवा पासवर्ड टाइप केला, म्हणजे तोही नेऊन दिल्यासारखंच.

तरी एक गोष्ट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. तुमच्या घरी जे झालं ते कॉम्प्युटरमुळेच झालं, हे मी इथे बसून शंभर टक्के सांगू शकत नाही. बँकेतून यूपीआयने पैसे गेले असते, तर मी आधी फोन मागितला असता. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, ई-चलान किंवा पीएम किसानच्या नावाने येणारी एपीके फाइल (म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून आलेलं ॲप) फोनमध्ये बसते आणि ओटीपीचे मेसेज वाचते. तो वेगळा रोग. दुसरं, सगळीकडे एकच पासवर्ड असेल आणि तो भलत्याच कुठल्या वेबसाइटवरून फुटला असेल, तरी इन्स्टाग्राम जाऊ शकतं. पण तुमच्याकडे दोन वेगळ्या माणसांची दोन वेगळी अकाउंटं गेली, दोन्ही एकाच कॉम्प्युटरवर उघडलेली होती, आणि ओटीपी कुणीच मागितला नाही. एवढ्यावरून माझा संशय पासवर्ड चोरणाऱ्या व्हायरसवर जातो. या धंद्यात त्याला स्टीलर म्हणतात.

स्टीलर मशीन बिघडवत नाही. पडदा काळा होत नाही, मशीन स्लो होत नाही, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. तो चालू झाला की क्रोममध्ये सेव्ह केलेले पासवर्ड, फॉर्ममध्ये आपोआप भरली जाणारी माहिती, डेस्कटॉपवरच्या काही फाइल, बऱ्याचदा पडद्याचा एक फोटो, असं सगळं गोळा करून पाठवून देतो. मिनिटभराचंही काम नसतं. त्यातले बरेच स्टीलर मग स्वतःला पुसूनही टाकतात. तुमचा अँटिव्हायरस "काहीच सापडलं नाही" म्हणाला तो खोटं बोलला असं नाही. तो आला तेव्हा तिथे सापडायला काही उरलंच नसेल.

"पण क्रोममध्ये पासवर्ड कुलपात असतात ना?" असं लोक विचारतात. असतात. फाइल कुलूपबंद असते, पण किल्ली विंडोजकडे असते आणि ज्याच्या नावाने कॉम्प्युटर चालू केला त्याच्या कुठल्याही प्रोग्रामने मागितली की विंडोज ती देतं. मुलाने गेम म्हणून जे चालवलं, ते तुमच्या नावाने चाललं. क्रोमने जुलै २०२४ मध्ये १२७ व्या आवृत्तीपासून हे कुलूप आणखी मजबूत केलं, पण स्टीलरवाल्यांनी काही महिन्यांच्या आत त्यातूनही वाट काढली.

आता ओटीपीचं. आमच्याकडे कापूस खरेदी केंद्रावर गाडी गेटवर गेली की आधार, सातबारा सगळं पाहतात आणि एक पावती देतात. एकदा आत गेलं की काट्यावर कुणी आधार विचारत नाही, पावती पाहतात. जीमेल तसंच आहे. पासवर्ड आणि ओटीपी गेटवर एकदा लागतो, नंतर ब्राउझरमध्ये एक पावती ठेवली जाते, तिला कुकी म्हणतात. म्हणून रोज जीमेल उघडताना तुम्हाला पासवर्ड विचारत नाही. स्टीलर ती पावतीच उचलतो. ती त्याने स्वतःच्या ब्राउझरमध्ये टाकली की गूगलच्या लेखी तुम्हीच बसलेल्या असता. ओटीपी मागायचा प्रश्नच येत नाही, आणि बरेचदा नवीन साइन-इनची सूचनाही येत नाही. पण म्हणून ओटीपी काढून टाकू नका. नुसता पासवर्ड फुटला तर तोच वाचवतो. फक्त पावती चोरीला गेली तर त्याचा उपयोग होत नाही.

हे दोन-चार टवाळ पोट्ट्यांचं काम नाही. अशी सॉफ्टवेअरं महिन्याच्या भाड्याने मिळतात. रेडलाइन नावाच्या अशाच एका स्टीलरची यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या पोलिसांनी इतर देशांच्या मदतीने बंद पाडली. लुमा नावाच्या दुसऱ्यावर मे २०२५ मध्ये कारवाई झाली, तेव्हा मायक्रोसॉफ्टने सांगितलं की १६ मार्च ते १६ मे या दोन महिन्यांत जगभरात ३ लाख ९४ हजारांहून जास्त विंडोज कॉम्प्युटरांमध्ये तो सापडला. तुमच्या मुलाला कुणी हेरून धरलेलं नाही. जाळं टाकलं, त्यात तुमचंही मशीन आलं.

मग फॉरमॅट मारूनही परत कसं झालं? माझ्या अनुभवात याची तीन कारणं निघतात. एक, चोराकडची पावती चालूच होती. फॉरमॅटने तुमच्या मशीनवरची कुकी गेली, त्याच्याकडची नाही. दोन, फॉरमॅटनंतर पासवर्ड पुन्हा बदललाच नाही, कारण "आत्ताच तर बदलला होता". तीन, आणि हे आमच्या लोकांचं पाप आहे, दुकानदार फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट करतो. डी ड्राइव्ह तसाच राहतो, कारण गिऱ्हाईकाने सांगितलेलं असतं की फोटोला हात लावू नका. मुलाचा गेम डी मध्येच असतो. घरी आल्यावर तो पुन्हा टाकला जातो आणि गोळा करायचं काम नव्याने सुरू. मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे असाच एक पोरगा बापासोबत आला. मी विचारलं तर म्हणे, "भाऊ, मी तं काहीच नाई केलं जी. तोच जुना गेम टाकला." तोच जुना गेम.

म्हणून मुलाला आधी विचारा, पण मारू नका, रागावू नका. तो घाबरला तर फाइल डिलीट करून मोकळा होईल आणि काय झालं ते कुणालाच कळणार नाही. एवढंच विचारा: यूट्यूबच्या व्हिडिओखालच्या लिंकवरून काही घेतलं का? झिप फाइल होती का, आणि तिला पासवर्ड होता का? "चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा" असं लिहिलं होतं का? झिपला पासवर्ड लावतात तो मुलाच्या सोयीसाठी नाही, आत काय आहे ते अँटिव्हायरसला पाहता येऊ नये म्हणून. या तीनपैकी दोन प्रश्नांना "हो" आलं की मी पुढे तपासतही नाही, चोरी झाली असं धरूनच कामाला लागतो.

दुसरी एक वाट हल्ली जास्त दिसते. पोलीस भरतीच्या जुन्या प्रश्नपत्रिका शोधत एक मुलगी कुठल्याशा साइटवर गेली. तिथे "मी रोबो नाही" अशी चौकट आली आणि खाली सूचना: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. तिने दाबलं. त्या साइटने एक आज्ञा आधीच कॉपी करून ठेवली होती, तिने ती स्वतःच्या हाताने विंडोजला दिली. कुठलीही खरी वेबसाइट तुम्ही माणूस आहात हे पाहायला कीबोर्डचं असलं काम सांगत नाही. तिसरी वाट जुनीच, पीडीएफचं चित्र असलेली पण नावाच्या शेवटी ईएक्सई असलेली फाइल, म्हणजे कागद नाही, दाबला की चालू होणारा प्रोग्राम. विंडोज शेवटची ती अक्षरं लपवून ठेवतं, म्हणून फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यूमध्ये जाऊन "फाइल नेम एक्स्टेन्शन्स" वर टिक करून घ्या. मी प्रत्येक मशीनवर हे न विचारता करून देतो.

आता करायचं काय, तेही क्रमाने. कॉम्प्युटरची नेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा आणि तो तसाच ठेवा. त्यावर काहीही टाइप करू नका, "एकदा बघते तर खरं" म्हणूनही नाही. पुढचं सगळं ज्या फोनमध्ये अनोळखी एपीके कधी टाकलेली नाही अशा फोनवरून करा. सुरुवात जीमेलपासून, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड बदलायची वाट त्यातूनच जाते. नवा पासवर्ड घाला. मग गूगल अकाउंटच्या सुरक्षा भागात "तुमची डिव्हाइस" उघडा आणि हातातला फोन सोडून प्रत्येक ठिकाणाहून साइन आउट करा. हे केलं की चोराकडची पावती रद्द. इन्स्टाग्राम, फेसबुकमध्येही लॉग-इन केलेल्या डिव्हाइसची यादी असते, तिथेही तेच. त्याच बैठकीत रिकव्हरीचा मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच आहे का ते पाहा. चोर तिथे आपला घालून ठेवतो आणि महिन्याभराने परत येतो.

एक जागा मात्र जवळजवळ सगळेच विसरतात. आमच्या बाजार समितीतल्या एका अडत्यांच्या जीमेलमध्ये सगळं बदलून झालं, तरी बँकेचे मेल येईनात. ते म्हणाले बँकेचीच चूक असेल. मी जीमेलच्या सेटिंगमध्ये फिल्टर उघडले तर एक ओळ दिसली: ज्या मेलमध्ये बँकेचं नाव आहे तो वाचलेला दाखवा आणि थेट कचऱ्यात टाका. तीन आठवड्यांचे मेल ट्रॅशमध्ये पडून होते. फिल्टर आणि फॉरवर्डिंग ही दोन्ही पानं फोनच्या ॲपमध्ये नीट दिसत नाहीत. म्हणून साफ झालेल्या कॉम्प्युटरवर किंवा खात्रीच्या माणसाच्या लॅपटॉपवर खासगी (इन्कॉग्निटो) विंडोत उघडून ती पाहाच.

जीमेल आटोपलं की बँक, मग मिस्टरांचं जीएसटीचं लॉग-इन आणि शाळेची पोर्टलं, मग मुलाचं इन्स्टाग्राम. ज्याने पैसे किंवा सही हलते ते आधी. गाण्याच्या ॲपचा पासवर्ड पुढच्या आठवड्यात बदलला तरी चालतं. बँकेतून खरंच काही गेलं असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा आणि १९३० ला फोन लावा. लागला नाही तर पुन्हा लावा, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका आणि बँकेला लेखी कळवून पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात असं होतं की चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा व्यवहारात तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार पडत नाही. उशीर झाला की हिशेब बदलतो. त्यामुळे "सोमवारी मॅनेजर साहेब आले की जाऊ" असं करू नका.

हे सगळं झाल्यावर फॉरमॅट, आणि या वेळी डी ड्राइव्हसह. फोटो, वर्ड, एक्सेल, पीडीएफ पेनड्राइव्हवर घ्या. ईएक्सई, झिप, गेमचं फोल्डर काही म्हणजे काही घेऊ नका. नव्या विंडोजवर क्रोममध्ये सिंक (जुनं सगळं गूगल खात्यातून परत उतरवणं) लगेच चालू करू नका, कारण जुन्या मशीनवरचं एखादं खराब एक्स्टेन्शन, म्हणजे क्रोमला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर, त्याच वाटेने परत येतं. आधी एक्स्टेन्शनची यादी पाहून नको ते काढा.

अँटिव्हायरस विकत घ्यायची गरज नाही, असं माझं मत आहे. घरच्या वापराला विंडोजमध्ये येतो तो डिफेंडर पुरे. तो चालू आणि अपडेट असायला हवा, एवढंच. मी वर्षानुवर्षं अँटिव्हायरसचे डबे विकले आहेत, त्यावर कमिशनही घेतलं आहे, तरी हेच सांगतो. कारण मुलाने स्वतः बंद केलेला दोन हजारांचा अँटिव्हायरस आणि स्वतः बंद केलेला फुकटचा डिफेंडर यांत फरक नाही. हां, तुमच्या मशीनवर विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. मशीन ११ घेत असेल तर फॉरमॅटच्या वेळीच ११ टाकून घ्या.

पैसे लागत नाहीत आणि खरा फरक पडतो असं एकच काम सांगायचं तर हे: एका मशीनवर तिघांची तीन खाती करा. विंडोजमध्ये ॲडमिनचं एक खातं वेगळं ठेवा, त्याचा पासवर्ड फक्त तुमच्याकडे. तुमचं, मिस्टरांचं आणि मुलाचं अशी तीन साधी खाती. पासवर्डच्या फाइलची किल्ली विंडोज ज्याच्या त्याच्या खात्यालाच देतं, हे वर सांगितलंच. म्हणजे मुलाने उद्या पुन्हा काही टाकलं, तरी त्याला ॲडमिनचा पासवर्ड मिळत नाही तोवर जाईल ते त्याचं इन्स्टाग्राम, तुमची बँक नाही. लोकांना हे कटकटीचं वाटतं, "घरात काय खाती करायची?" म्हणतात. पण एका घरात राहूनही कपाटं वेगळी असतातच की. माझ्या घरी मी हे भाच्याने एकदा हिसका दाखवल्यावर केलं, आधी केलं असतं तर एक दिवाळी बरी गेली असती.

पासवर्ड ठेवायचे कुठे? क्रोममध्ये उजवीकडच्या तीन ठिपक्यांत पासवर्ड मॅनेजर असतो, तो उघडून यादी पाहा. मी प्रत्येक गिऱ्हाईकाला स्क्रीन फिरवून ती दाखवतो. एका खत विक्रेत्या भाऊंच्या यादीत ८७ निघाले: दोन बँका, जीएसटी, कंपन्यांची पोर्टलं, शिवाय साळ्याचं फेसबुक. भाऊ आधी हसले, मग बँकेच्या ओळीवर बोट ठेवून गप्प झाले. बँक, जीमेल आणि सरकारी पोर्टल एवढे तरी तिथून काढा. जमत असेल तर बिटवॉर्डनसारखा वेगळा पासवर्ड मॅनेजर चांगला. पण त्याचा मुख्य पासवर्ड विसरून माझ्याकडे आलेलेही पुष्कळ आहेत. म्हणून पन्नाशीपुढच्या माणसाला मी सरळ वही करायला सांगतो. कपाटातल्या वहीपर्यंत रशियातून कुणी येत नाही. डेस्कटॉपवर "पासवर्ड" नावाची नोटपॅड फाइल मात्र ठेवू नका, स्टीलर ती नावावरूनच शोधतो.

सेतू केंद्राचं आणि प्रिंट काढून देणाऱ्या दुकानांचंही सांगायला हवं, कारण यात चूक माझ्याच दुकानात झाली आहे. प्रिंट काढायला आलेली माणसं क्रोममध्ये स्वतःच्या जीमेलने साइन इन करायची, क्रोमने काही विचारलं की "हो" दाबायची आणि निघून जायची. एकदा सहज यादी उघडली तर अकरा जणांची घरची अकाउंटं, पासवर्डसकट, माझ्या दुकानाच्या मशीनवर उतरलेली. त्या दिवशी तिथे स्टीलर असता तर अकरा घरं गेली असती आणि कुणालाच कळलं नसतं कुठून. तेव्हापासून गिऱ्हाइकाचं काम खासगी विंडोत, आणि आधार-सातबाऱ्याचं स्कॅनिंगचं फोल्डर रोज दुकान बंद करताना रिकामं. तुमचे कागद ज्या केंद्रावर जातात तिथे कधी डेस्कटॉपकडे नजर टाका. गावातल्या अर्ध्या लोकांच्या आधारच्या फाइल तिथे दिसल्या तर पुढच्या वेळी शेवटचे चारच अंक दिसतात ते मास्क्ड आधार घेऊन जा, आणि आधारच्या सरकारी ॲपमध्ये बोटांचे ठसे लॉक करून ठेवा. रेशनला किंवा अंगठ्यावर पैसे काढताना ते तात्पुरते उघडावे लागतात, हे लक्षात ठेवा, नाहीतर रांगेत उभं राहून सासूबाई तुम्हाला फोन करतील.

आणि फॉरमॅटला मशीन नेलं की सीपीयू टेबलावर ठेवण्याआधी दुकानदाराला एक प्रश्न विचारा: विंडोज कुठलं टाकणार? "ॲक्टिव्हेटर मारून देतो, फुकटात होते" असं उत्तर आलं, तर सीपीयू उचला आणि निघा. कारण ॲक्टिव्हेटर म्हणजे परवाना न घेता विंडोज चालू करून देणारं चोरटं सॉफ्टवेअर, ते चालवायलाही डिफेंडर बहुतेकदा बंदच करावा लागतो, आणि ते कुठून उतरवलं हे दुकानदारालाही माहीत नसतं. मीही कितीतरी वर्षं तेच मारून दिलं आहे. लॅपटॉप किंवा कंपनीचं मशीन असेल आणि त्यासोबत मूळ विंडोज आलेलं असेल, तर त्याचा परवाना मशीनमध्येच असतो. तीच आवृत्ती (होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो) टाका आणि नेट जोडा, विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होतं. असेंबल केलेलं असेल तर बिल मागा, त्यात विंडोजचे पैसे लावले आहेत का ते पाहा, आणि नसतील तर मला तसं कळवा, मग त्या मशीनवर काय करता येईल ते बोलू.